हलकं की जड? भाच्याच्या पहिल्या इंजिनाचा प्रश्न

रात्री अकराला फोन वाजला की आमच्या घरात आधी सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. मुलं परदेशात असली की असंच होतं. पण त्या रात्री शारजाहून भाच्याचा आवाज आला तो खुशीचा होता. "मामू, मालकानं पहिल्यांदाच एक इंजिन पूर्ण माझ्या हाती दिलंय. उतरवायचं, बांधायचं, चढवायचं, सगळं मीच करणार."

गाडी होती १९८९ ची फोर्ड मस्टँग. अमेरिकेतून जुनी आणलेली, पाच लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, पाच गिअरची. आखातात या गाड्यांचं वेड किती आहे ते तिथं राहून आलेल्यांना सांगायला नको. भाच्याची अडचण एकच होती. "गिऱ्हाईक म्हणतो, बाजारात मिळेल ते सगळ्यांत हलकं फ्लायव्हील घाल, गाडी पळाली पाहिजे. मालक म्हणतो, नवं कशाला? आहे तेच लेथवर तासून हलकं कर, पैसे वाचतील. मामू, मी कुणाचं ऐकू?"

मी म्हटलं, "आज कुणाचंच ऐकू नकोस. उद्या गिऱ्हाइकाला विचार, गाडी रोज कुठं चालवणार? रेस लावणार का, लावली तर कसली? इंजिनात कॅमशाफ्ट बदललाय का? आणि क्रँक मूळचाच आहे का? ही उत्तरं घेऊन मला फोन कर."

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरातलं कुणी ना कुणी गॅरेजमध्ये आहे, इथं नाहीतर तिकडे. म्हणून त्या दोन फोनमध्ये जे बोलणं झालं, ते या महिन्याच्या पानात मांडतो आहे.

फ्लायव्हील करतं काय?

लहानपणी आई पायमशीनवर कपडे शिवायची. खाली लोखंडी मोठं चाक. पाय तर थांबून थांबून दाबला जातो, पण सुई एकसारखी चालते, कारण दोन दाबांच्या मधला वेळ ते जड चाक आपल्या फिरण्यावर ओढून नेतं. जात्याच्या वरच्या तळीचंही तसंच. हाताचा जोर एका बाजूला लागतो, दुसऱ्या बाजूला दगड आपणहून फिरून येतो.

इंजिनात पायाच्या जागी स्फोट असतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच जोर लावतो. चार सिलिंडर असले तर एका फेरीत दोन धक्के, आठ असले तर चार. मधल्या वेळात हवा दाबायला उलट ताकद खर्च होते. ती फ्लायव्हील पुरवतं. याशिवाय क्लचप्लेट त्याच्यावरच घासते, आणि स्टार्टरचे दात त्याच्याच कडेला अडकतात. एवढी कामं एका चाकावर असतात, म्हणून ते नुसत्या वजनावर निवडता येत नाही.

आठ सिलिंडरचं इंजिन हलकं फ्लायव्हील चारवाल्यापेक्षा बरं सोसतं, कारण धक्के जवळजवळ येतात. भाच्याच्या गिऱ्हाइकाचं म्हणणं अगदीच वेड्यासारखं नव्हतं, ते या कारणानं.

हलक्याचा फायदा किती आणि कुठं?

पहिला गैरसमज काढून टाकू. हलकं फ्लायव्हील घातल्यानं इंजिनाची ताकद वाढत नाही. इंजिन जेवढे हॉर्सपॉवर देतं तेवढेच देतं. फरक पडतो तो वेग बदलताना. जड चाकाला फिरवायला ताकद खर्च होते, ती हलक्यात वाचते.

किती वाचते? समजा एक फ्लायव्हील १० किलोचं, ३३ सेंटिमीटर व्यासाचं आहे. त्याच्या जागी तेवढ्याच व्यासाचं ५ किलोचं घातलं. मस्टँगच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.३५ चा आहे, मागच्या अॅक्सलला ३.५५ चा गिअर धरू. ढोबळ हिशेब असा येतो की पहिल्या गिअरमध्ये गाडी सुमारे ९० किलोंनी हलकी झाल्यासारखी पळते. चौथ्या गिअरमध्ये हाच फरक साडेआठ किलोंवर येतो, आणि पाचव्यात चार किलोंवर. म्हणजे खालच्या गिअरमध्ये एक मोठं माणूस गाडीतून उतरल्यासारखं, आणि हायवेवर एखादी पिशवी उतरवल्यासारखं.

आणखी एक गोष्ट. काट्यावरचं वजन पुरं पडत नाही, ते वजन कुठं आहे हे बघावं लागतं. कडेला असलेला एक किलो, मध्यापासून अर्ध्या अंतरावरच्या एक किलोच्या चौपट आडवा येतो. दोन फ्लायव्हील काट्यावर सारखी भरली तरी एकाच्या कडेला लोखंड जास्त असेल तर ते जडच वागणार. म्हणून घेताना दुकानदाराला नुसतं "किती किलो?" विचारू नये, कडेचं लोखंड कमी केलंय की मधलं, तेही बघावं.

आता कुठं काय शोभतं ते पाहू.

वळणावळणाच्या सर्किटवर, दुबई ऑटोड्रोमसारख्या ठिकाणी, हलकं फ्लायव्हील कामाचं. तिथं सारखे गिअर वरखाली होतात, आरपीएम झटकन चढावे आणि झटकन उतरावे लागतात. गाडी थांबून सुटण्याचा प्रसंग एकदाच येतो.

ड्रॅग रेसचं उलटं आहे. अबुधाबीत यास मरिनाला ड्रॅगची पट्टी आहे. तिथं गाडी उभी असते, इंजिन चढवून ठेवलेलं असतं, आणि क्लच सोडला की त्या एका क्षणात जड गाडीला ढकलायचं असतं. त्या वेळी जड फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर मदतीला येतो. गाडी वजनदार, टायर रुंद आणि चिकट, त्यात फ्लायव्हील हलकं, असं झालं तर क्लच सोडताच आरपीएम कोसळतात आणि गाडी सुटायच्या ऐवजी गुदमरते.

आणि रोजचा रस्ता? शारजा-दुबईच्या संध्याकाळच्या गर्दीत गाडी एका तासात किती वेळा थांबते ते मोजलेलंच बरं. बाहेर उन्हाळा, आत एसी चालू, एसीच्या कॉम्प्रेसरचं ओझं इंजिनावर. अशा वेळी फार हलकं फ्लायव्हील असलं की गाडी सुटताना बंद पडते. बंद पडू नये म्हणून माणूस क्लच जास्त घसरवतो, आणि क्लचप्लेट लवकर जळते. त्यातून इंजिनात रेसचा कॅमशाफ्ट असला तर ते आयडलला आधीच हेलकावे खात असतं. त्याला सावरायला थोडं वजन लागतंच.

जुनंच तासून हलकं करू का?

मालकाच्या या सूचनेवर मात्र मी भाच्याला सरळ सांगितलं, "हे काम तुझ्या हातून होऊ देऊ नकोस."

मघाचंच १० किलोचं चाक घ्या. ते ६००० आरपीएमला फिरतं तेव्हा त्याची कडा ताशी ३७० किलोमीटरच्या वर पळत असते. त्यात जेवढी ऊर्जा साठलेली असते, तेवढी हजार किलोच्या गाडीत ती ताशी सव्वीस किलोमीटरनं धावताना असते. आणि आरपीएम दुप्पट झाले की ही ऊर्जा चौपट होते, कडेवरचा ताणही चौपट. हे सगळं चालवणाऱ्याच्या पायांच्या पुढं, पातळ पत्र्यापलीकडं फिरत असतं.

साधं बिडाचं लोखंड दाबाला भक्कम, पण ताणाला कच्चं. फिरणाऱ्या चाकात तर ताणच असतो. त्यात ते तासून पातळ केलं, भोकं पाडली, तर प्रत्येक भोकाच्या काठावर ताण गोळा होतो. शिवाय लोखंड कमी झाल्यानं क्लच घासताना येणारी उष्णता पोटात घ्यायला जागा उरत नाही. ते लवकर तापतं, निळं पडतं, केसासारख्या भेगा येतात. एक दिवस चढ्या आरपीएमला भेग उघडते. मग ते चाक राहत नाही, त्याचे तुकडे होतात, आणि ते तुकडे ज्या दिशेला सुटतील त्या दिशेला पत्रा, नळी, पाय काही बघत नाहीत.

अमेरिकेतल्या ड्रॅग रेसवाल्यांनी हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. डॉन गार्लिट्स हे त्या खेळातलं फार मोठं नाव. मार्च १९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर त्यांच्या गाडीचा गिअरबॉक्स सुटतानाच फुटला आणि उजव्या पावलाचा काही भाग गेला. तिथं फुटलेली वस्तू फ्लायव्हील नव्हती, पण जागा तीच, चालवणाऱ्याच्या पायांजवळची. गार्लिट्स १९७१ मध्ये इंजिन पाठीमागं बसवलेली गाडी घेऊन उतरले, आणि पुढं त्या खेळात तीच रचना रूढ झाली. आज तिथं रेसच्या फ्लायव्हीलवर एसएफआय नावाच्या संस्थेच्या १.१ क्रमांकाच्या मानकाचा शिक्का बघतात. जोरदार गाड्यांना तर क्लचभोवती स्फोट अडवणारं जाड पोलादी बेलहाऊसिंगही बसवतात.

इथं एक फरक लक्षात ठेवावा. क्लचप्लेट बदलताना फ्लायव्हीलच्या तोंडावर हलकंसं फेसिंग मारणं वेगळं. कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेत ते चालतं. वजन उतरवण्यासाठी जुनं बीड तासणं ही गोष्ट वेगळी, आणि वेगानं चालवायच्या गाडीत ती कधीही करू नये.

मग घ्यायचं काय? नेहमीच्या वापरासाठी चांगल्या कंपनीचं नोड्यूलर आयर्नचं चालतं. जोर वाढवलेल्या इंजिनाला पोलादाच्या सबंध तुकड्यातून कापलेलं, म्हणजे बिलेट स्टीलचं घ्यावं. सर्किटसाठी अॅल्युमिनियमचं. अॅल्युमिनियमवर क्लचप्लेट थेट घासत नाही, तिथं पोलादाची चकती बसवलेली असते, आणि झिजली की तेवढी चकती बदलता येते. ती नीट घट्ट आहे ना, हे घेतानाच बघावं.

वजन जुळलं, पण तोल?

हा भाग मी भाच्याला सांगितला तेव्हा तो गप्प झाला, कारण यात चूक माझी होती.

शारजात मला तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. अशाच पाच लिटरच्या फोर्ड इंजिनाला फ्लायव्हील हवं होतं. भंगारातून एक छान, न घासलेलं मिळालं. सहाही बोल्ट बसले, दात जुळले, स्टार्टर अडकला. मी खूश. गाडी चालू केली तर इंजिन थरथरत होतं. मला वाटलं, इंजिनाचे माउंट ढिले असतील. गिऱ्हाईक गाडी घेऊन गेला. काही आठवड्यांनी परत आला तेव्हा ऑइलचं प्रेशर पडलेलं होतं आणि मागचं मेन बेअरिंग खाल्लेलं होतं.

कारण असं की फोर्डच्या या इंजिनांचा तोल पूर्णपणे क्रँकवर सांभाळलेला नसतो. थोडं वजन मुद्दाम पुढच्या पुलीवर आणि मागच्या फ्लायव्हीलवर ठेवलेलं असतं. जुन्या इंजिनांत ते २८ औंसांचं, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ५० औंसांचं. बाजारात या आकड्यांनीच मागतात. दोन्ही फ्लायव्हील त्याच सहा भोकांवर बिनतक्रार बसतात. मी २८ वालं ५० वाल्या क्रँकला लावलं होतं. नुकसान माझ्या पगारातून कापलं गेलं. दोन महिने घरी पैसे गेले नाहीत, आणि आईला का ते सांगायची हिंमतही झाली नाही.

शेवरलेच्या गाड्यांतही असा सापळा आहे. त्यांच्या छोट्या व्ही-एटला १९८६ पासून मागचं ऑइल सील बदललं, तेव्हा क्रँकच्या बोल्टांचं वर्तुळ साडेतीन इंचांच्या थोडं वरून तीन इंचांवर आलं, आणि तोलही वेगळा झाला. तिथं निदान भोकं जुळत नाहीत म्हणून चूक कळते. फोर्डमध्ये तेही नाही. आणि कुणी क्रँकच बदललेला असेल, तर त्याला बाहेरच्या वजनाची गरजच नसेल असंही होतं. म्हणून मी भाच्याला "क्रँक मूळचा आहे का?" हा प्रश्न आधी विचारायला लावला होता.

घेण्याआधी एवढं बघावं: तोलाचा आकडा, कडेच्या दातांची संख्या (या मस्टँगला १५७), क्लचचं माप, आणि क्रँकचे बोल्ट. बसवताना बोल्ट नवे वापरावेत, पुस्तकातल्या क्रमानं आणि टॉर्क रेंचनं आवळावेत, आणि डायल लावून चाक डगमगत नाही ना ते तपासावं. या शेवटच्या कामाला दहा मिनिटं लागतात. मी त्या वेळी ती दहा मिनिटं वाचवली असती तरी तोलाची चूक कळली नसती, पण इंजिन थरथरतंय म्हटल्यावर गाडी गिऱ्हाइकाच्या हाती द्यायला नको होती. ती चूक हिशेबाची नव्हती, घाईची होती.

आपल्या दारातल्या डिझेल गाडीचं काय?

इथल्या वाचकांचा हाच प्रश्न जास्त येतो, म्हणून थोडक्यात सांगतो. पुष्कळ डिझेल गाड्यांत आता दोन भागांचं फ्लायव्हील असतं, मध्ये स्प्रिंगा. डिझेलचे धक्के त्या स्प्रिंगा गिळतात आणि गिअरबॉक्सला गुळगुळीत फिरणं मिळतं. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून ही रचना गाड्यांत येऊ लागली. ते बिघडलं की आयडलला खडखडाट येतो, गाडी बंद करताना धप्प असा आवाज होतो, सुटताना थरथर जाणवते. नवं महाग असतं, म्हणून कुणी एकसंध फ्लायव्हील सुचवतं. त्यानं गाडी चालते, पण आवाज आणि धक्के गिअरबॉक्सवर जातात. घरची गाडी असेल आणि अजून बरीच वर्षं वापरायची असेल, तर मूळचंच घालावं. क्लचचं काम निघालं असेल तर त्याच वेळी हे तपासून घ्यावं, म्हणजे गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा पडत नाही.

मग भाच्यानं काय केलं?

दुसऱ्या दिवशी उत्तरं आली. गिऱ्हाईक रोज शारजाहून दुबईला नोकरीला जातो. सुट्टीत मित्रांबरोबर अल ऐनजवळच्या जबल हफीतच्या घाटात गाडी नेतो. ड्रॅगला जात नाही. कॅमशाफ्ट थोडासा चढा आहे. क्रँक मूळचा.

मी म्हटलं, "मग मधल्या वजनाचं बिलेट स्टीलचं घे. ५० औंस, १५७ दात, एसएफआयचा शिक्का बघून. घाटातही बरं, गर्दीतही बरं."

गिऱ्हाईक हलक्यावरच अडून होता. भाच्यानं वाद घातला नाही. गॅरेजमध्ये कामाला आलेल्या दुसऱ्या एका मस्टँगला अॅल्युमिनियमचं फ्लायव्हील होतं. तिच्या मालकाची परवानगी घेऊन त्यानं गिऱ्हाइकाला संध्याकाळी एसी लावून ती चालवायला दिली. पहिल्या सिग्नलला गाडी बंद पडली. तिसऱ्या सिग्नलला पुन्हा. परत येऊन तो म्हणाला, "तुझंच घाल."

मालकाचं प्रकरण अवघड होतं. नोकरीच्या ठिकाणी मालकाला नाही म्हणणं सोपं नसतं, तेही दुसऱ्या देशात. भाच्यानं जुनं फ्लायव्हील रॉकेलनं स्वच्छ धुतलं, उन्हात धरलं आणि मालकाला बोलावलं. तोंडावर निळे डाग होते, आणि एका बोल्टच्या भोकापासून कडेकडे गेलेली केसाएवढी बारीक भेग. मालक बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बिल गिऱ्हाइकाला दाखव आणि नवं मागव." त्या भेगेचा फोटो भाच्यानं मला पाठवला. मी तो बहिणीला दाखवला नाही. तिच्या पोटात उगीच गोळा आला असता.

गाडी आता रोज दुबईला जाते. परवा भाच्यानं आईला फोन केला, तेव्हा इंजिनाबद्दल एवढंच बोलला, "थरथरत नाही, अम्मी." बहिणीनं मला विचारलं, "इंजिन थरथरत नाही यात एवढं सांगण्यासारखं काय?" मी म्हटलं, "आहे. ते मला विचार."